सरड्याला पापणी आहे का? आधी ते बघा, मग डोळ्याला हात लावा

नवीन सरडा पाळलेल्या माणसाचा पहिल्या पंधरा दिवसांत जो घाबरलेला फोन येतो ना, तो दोनच प्रकारचा असतो. एक म्हणजे "अगं हा झोपतच नाही, रात्रंदिवस डोळे टक्क उघडे". आणि दुसरा म्हणजे "हा दिवसभर डोळे मिटून पडलाय, मेलाबिला तर नाही ना". दोन्ही वेळा सरडा बहुतेक ठणठणीत असतो. पहिल्याकडे क्रेस्टेड गेको असतो, त्याला मिटायला पापणीच नाही बिचाऱ्याला, आणि दुसऱ्याकडे लेपर्ड गेको, ज्याला चांगल्या जाड पापण्या आहेत आणि जो संध्याकाळनंतर जागा होणारा प्राणी असल्यामुळे दिवसा झोपा काढतो.

(गेको म्हणजे पालीच्या कुळातला. पाल वेगळी, सरडा वेगळा हे मला माहितेय, पण प्रत्येक वाक्यात दोन्ही लिहायचा कंटाळा येतो म्हणून इथे सगळ्यांना सरडेच म्हणतेय.)

हे सगळं लिहायला बसले कारण मी स्वतः यात मार खाल्लाय. माझ्या पहिल्या लेपर्ड गेकोच्या, टिकलीच्या, डोळ्यात कात अडकली होती आणि मला कुणीतरी अगदी खात्रीने सांगितलं की "हात लावू नकोस, पुढच्या कातीबरोबर आपोआप निघेल". सल्ला चुकीचा नव्हता, फक्त तो दुसऱ्याच प्रकारच्या डोळ्यासाठी होता. पुढचं आठव्या स्टेपमध्ये सांगते. तर आधी डोळा कुठल्या प्रकारचा ते ओळखायचं, कारण एकाला जे मानवतं तेच दुसऱ्याला भोवतं.

स्टेप १ : डोळा मिटतो का ते बघा

घरातल्या भिंतीवरच्या पालीला कधी डोळे मिचकावताना बघितलंय? नाही बघितलं, कारण तिला ते जमतच नाही. तिच्या दोन्ही पापण्या एकमेकींना जुळून त्यांचा एक पारदर्शक खवला झालेला असतो आणि तो घड्याळाच्या काचेसारखा डोळ्यावर कायमचा बसवलेला असतो. त्याला स्पेक्टॅकल म्हणतात, मी सरळ चष्मा म्हणते. धूळ बसली की पाल जीभ बाहेर काढून त्या चष्म्यावरून फिरवते, झाला वायपर. क्रेस्टेड गेको, टोके गेको, डे गेको हे सगळे याच गटातले. क्रेस्टेडच्या डोळ्यावर जी झालर दिसते ती बघून लोकांना वाटतं याला पापण्यांचे केस आहेत, त्याच्या शास्त्रीय नावात सिलिएटस म्हणजे पापणीच्या केसांवरूनच आलेला शब्दही आहे, पण ते केस नाहीत, कातडीचे छोटे टोकदार कंगोरे आहेत आणि मिटण्याशी त्यांचा काही संबंध नाही. (हा प्राणी नामशेष झाला असं धरून चालले होते, १९९४ मध्ये परत सापडला, आणि आज लोकांच्या बेडरूममध्ये टँकमध्ये बसलेला असतो.)

दुसरा गट म्हणजे खऱ्या पापणीवाल्यांचा. लेपर्ड गेको, फॅट-टेल गेको, बिअर्डेड ड्रॅगन, इग्वाना, ब्लू-टंग स्किंक, अनोल. लेपर्ड गेकोच्या वंशाचं नावच युब्लेफॅरिस आहे, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण "चांगली पापणी असलेला", कारण बाकीच्या बहुतेक गेकोंना ती नसते आणि याच्या कुटुंबाला असते. म्हणजे नावात गेको आहे म्हणून दोघांचा डोळा सारखा असं समजायचं नाही, नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

तिसरा म्हणजे कॅमेलिअन, तो कुठल्याच गटात नीट बसत नाही. त्याच्याही पापण्या एकमेकींना जुळलेल्या, पण पारदर्शक नाहीत, खवल्यांनी झाकलेला एक सुळका आणि त्याच्या टोकाला बाहुलीएवढं भोक, बस एवढ्यातूनच तो बघतो. दोन डोळे दोन दिशांना फिरतात आणि शिकार दिसली की दोन्ही पुढे वळून एकाच जागी रोखले जातात.

ओळखायला काही साधन लागत नाही. सरडा जागा असताना दहा मिनिटं समोर शांत बसा, फोन बाजूला ठेवा आणि फक्त डोळा बघा. मिचकावला की पापणीवाला. जीभ फिरवली पण मिचकावलाच नाही तर चष्मेवाला (पापणीवाले गेकोसुद्धा कधी कधी डोळा चाटतात, त्यामुळे फक्त चाटण्यावरून ठरवू नका). स्किंकच्या (म्हणजे सापसुरळीच्या कुळातल्यांच्या) बाबतीत मात्र आपल्याकडचा स्किंक कुठल्या जातीचा ते नीट शोधून बघा, कारण त्यांच्यात सगळे प्रकार सापडतात, काहींच्या खालच्या पापणीत चक्क पारदर्शक खिडकी असते, म्हणजे डोळा मिटून मातीत घुसला तरी समोरचं दिसतं, आणि काहींना सापासारखा पूर्ण चष्मा असतो. आणि उलटी गंमत म्हणजे शेल्टोपुसिक नावाचा बिनपायाचा सरडा, दिसायला हुबेहूब साप, पण डोळे मिचकावतो. साप कधीच मिचकावत नाही.

स्टेप २ : आत काय आहे ते थोडक्यात

शाळेसारखं शिकवत नाही, फक्त पुढे कामाला येईल तेवढंच.

पापणीवाल्यांमध्ये बहुतेक वेळा खालची पापणी जास्त हलते, ती वर येऊन डोळा झाकते, आपल्या उलट. बिअर्डेड ड्रॅगन डुलकी काढताना बघा, शटर खालून वर जातं. त्या पापणीच्या आत नाकाच्या बाजूने येणारा एक पातळ पडदा असतो, तिसरी पापणी. ती क्षणभर दिसून जाते. पहिल्यांदा दिसली की लोक "डोळ्यात पांढरं काहीतरी आलं" म्हणून घाबरतात. आली आणि गेली तर ठीक, येऊन तिथेच राहिली तर बघायला हवं.

डोळ्याच्या मागे ग्रंथी असतात, त्यांचा तेलकट पातळ स्राव डोळा ओला ठेवतो आणि तो निचरा होऊन एका बारीक नळीतून तोंडात जातो. ही नळी लक्षात ठेवा. चष्मेवाल्यांमध्ये हा ओलावा चष्मा आणि बुबुळ यांच्या मधल्या बारीक फटीत असतो, आणि ती नळी तुंबली किंवा तोंडातलं इन्फेक्शन त्या नळीतून वर चढलं, की चष्म्याच्या मागे पाणी किंवा पू साठून डोळा फुग्यासारखा दिसायला लागतो. म्हणून डोळा फुगलेला गेको नेला की चांगला व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर) आधी तोंड उघडून बघतो, तेव्हा "अहो डोळा बघा ना" म्हणून घाई करू नका.

आणखी एक, सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, चीजसारखा घट्ट गोळा होतो. तो वाहून जात नाही, पापणीच्या आत खड्यासारखा बसतो. त्यामुळे "पाणी वगैरे काही येत नाहीये, नुसती सूज आहे" यावर निर्धास्त व्हायचं नाही.

बुबुळाभोवती पांढऱ्या भागात बारीक हाडांच्या पट्ट्यांचं एक कडं असतं, एकावर एक सरकवलेल्या पाकळ्यांसारखं, ते डोळ्याचा आकार टिकवून ठेवतं. आणि बाहुली लहानमोठी करणारे स्नायू आपल्यासारखे आपोआप चालणारे नसून हातापायांच्या स्नायूंसारखे असतात, म्हणून माणसाची किंवा कुत्र्याची बाहुली मोठी करायला वापरतात ते ड्रॉप्स इथे चालत नाहीत. रेप्टाइल बघणारा व्हेट शोधा असं सगळे का सांगतात त्याचं हे एक कारण.

बिअर्डेड ड्रॅगन किंवा इग्वाना असेल तर डोक्याच्या मधोमध वरून एक फिकट ठिपका दिसेल. तो तिसरा डोळा. खरंच, त्याला लेन्स आणि रेटिनासारखा थर असतो, चित्र दिसत नाही पण उजेड आणि सावली कळते. म्हणून वरून हात नेला की तो दचकतो, त्याच्या हिशोबाने घार आली. हात नेहमी बाजूने, खालून न्या. गेकोंना हा डोळा नसतो.

स्टेप ३ : एक आठवडा नुसतं बघा आणि फोटो काढून ठेवा

ही स्टेप सगळे टाळतात आणि मग "आधी असंच होतं का?" हे कुणालाच आठवत नाही. सरडा तब्येतीत असताना दोन्ही बाजूंनी डोळ्याचे जवळून फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. दर महिन्याला एकदा. पुढे शंका आली की जुन्या फोटोशी लावून बघता येतं.

काही गोष्टी विचित्र दिसतात पण नॉर्मल असतात. बिअर्डेड ड्रॅगन मधूनच डोळे बाहेर काढल्यासारखे फुगवतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जवळजवळ किंचाळले होते. डोक्यातल्या शिरांमधलं रक्त अडवून तो दाब वाढवतो, कात सैल करायला हे उपयोगी पडतं असं मानतात, आणि काही सेकंदांत डोळे परत जागेवर जातात. (याच युक्तीची टोकाची आवृत्ती म्हणजे शिंगवाला सरडा, तो संकटात डोळ्याच्या कोपऱ्यातून रक्ताची पिचकारी मारतो.) कॅमेलिअन डोळा आत ओढून गरागरा फिरवतो, फांदीवर घासतो, ती त्याची साफसफाई. पाच-दहा मिनिटांत संपली तर ठीक.

रात्रीच्या गेकोंची बाहुली दिवसा उभी बारीक फट होते आणि अंधारात काळी गोल. काही जातींत त्या फटीच्या जागी नुसती ओळीत चार भोकं उरतात, टोके गेकोत छान दिसतात.

आणि एक गैरसमज, डोक्यावरून बोट फिरवलं की सरड्याने डोळे मिटले म्हणजे त्याला सुख वाटतंय असं नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ "हे लवकर संपू दे" असतो. इग्वाना तर तुमच्या बाजूचा तेवढा एक डोळा मिटून घेतो, दुसरा उघडा. मला वाटायचं लाडात आलाय. तो मला सहन करत होता.

स्टेप ४ : दमटपणा, निम्मे प्रश्न इथेच सुटतात

कात नीट निघाली तर डोळ्याची बरीचशी लफडी होतच नाहीत, आणि कात नीट निघते ती दमटपणावर. लेपर्ड गेकोचा टँक एरवी कोरडाच ठेवतात, ३०–४०% च्या आसपास, पण आत एक दमट डबा हवाच हवा. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, बाजूला त्याचं डोकं आणि पोट सहज जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत ओलं करून पिळलेलं मॉस किंवा पेपर टॉवेल, आणि तो डबा टँकच्या गरम बाजूला किंवा मध्यभागी ठेवा. आत हात घातला की दमट लागलं पाहिजे, पाणी साचलेलं नको. दोन-तीन दिवसांनी ओलावा बघा, आठवड्याने मॉस धुवा किंवा बदला नाहीतर बुरशी येते.

क्रेस्टेडचं उलट, त्याला पूर्ण टँकच दमट लागतो, रात्री स्प्रे करून ७०–८०% पर्यंत न्यायचा आणि दिवसा ५०% पर्यंत उतरू द्यायचा, चोवीस तास चिंब ठेवायचा नाही. कॅमेलिअनला पानांवरून ओघळणारे थेंब हवेत, आणि स्प्रे चालू असताना तो डोळे धुऊन घेतो. बिअर्डीला ३०–४०% पुरतं.

हे आकडे अंदाजाने नाही, हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचं यंत्र) लावून बघा. डिजिटल घ्या, काट्याचे स्वस्तातले मनाला येईल ते दाखवतात.

स्टेप ५ : लाइट

युव्हीबी लाइट (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा) नेहमी वरून. समोरून किंवा बाजूने नाही. सरड्याच्या भुवईचा कठडा आणि पापणी यांची रचना वरून येणाऱ्या उन्हासाठी झालीये, बाजूला लावलेला दिवा सरळ त्या कठड्याखालून डोळ्यात घुसतो. २००० च्या दशकात काही युव्हीबी बल्ब असे बाजारात आले होते ज्यांतून फारच कमी तरंगलांबीची किरणं बाहेर पडत होती, सरडे डोळे सुजवून बसले, वेल्डिंगकडे बघितल्यावर माणसाचं होतं अगदी तसं. तेव्हा नवीन दिवा लावला आणि दोन-तीन दिवसांत दोन्ही डोळे मिटलेले, खाणं बंद, असं झालं तर पहिला संशय दिव्यावर. दिवा काढा, गरमपणा दुसऱ्या साध्या सोयीने चालू ठेवा आणि व्हेटला कळवा.

अंतर किती ठेवायचं ते दिव्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा, मध्ये जाळी असेल तर जाळी काही युव्ही खाते हेही धरा. काच तर जवळजवळ सगळंच युव्हीबी अडवते, त्यामुळे खिडकीतून ऊन येतंय म्हणजे झालं असं नाही. दिवा दिसायला चालू असला तरी त्यातलं युव्हीबी कमी होत जातं, म्हणून कंपनी सांगेल तसा सहा ते बारा महिन्यांनी बदला.

रात्रीच्या प्राण्यांना भगभगीत उजेड नको. गेकोचा डोळा आपल्यापेक्षा किती पुढे आहे त्याची एक कल्पना, हेल्मेट गेकोवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याला अंधुक चांदण्यातसुद्धा रंग ओळखता येतात असं दिसलं, आणि त्या उजेडाला त्याचा डोळा आपल्या रंग बघणाऱ्या डोळ्यापेक्षा ३५० पट संवेदनशील निघाला. मग रात्री लाल बल्ब लावून "त्याला दिसत नाही" म्हणण्यात काय अर्थ आहे? रात्री अंधार हवा, ऊब हवी असेल तर उजेड न देणारा हीटर लावा. आणि अल्बिनो लेपर्ड गेको असेल तर त्याला आणखी जपा, त्याच्या डोळ्यात रंगद्रव्य कमी असतं, साध्या ट्यूबलाइटलाही तो डोळे बारीक करतो. त्याच्यासाठी लपायच्या जागा जास्त ठेवा.

स्टेप ६ : खाली काय टाकलंय आणि किडे

सैल बारीक वाळू नवीन माणसाने टाकूच नये असं माझं मत आहे, दिसायला छान दिसते पण शिकारीवर झेप घेताना तोंडासकट डोळ्यात जाते. सुरुवातीला पेपर टॉवेल. कंटाळवाणा दिसतो, पण विष्ठाही दिसते आणि निघालेली कातही दिसते.

जिवंत किडे रात्रभर टँकमध्ये सोडून झोपू नका. भुकेले रातकिडे झोपलेल्या सरड्याला कुरतडतात, आणि मऊ जागा म्हणजे पापण्या आणि बोटं. पंधरा-वीस मिनिटांत खाल्ले नाहीत तर काढून घ्या.

हँडलिंगच्या आधी हात साबणाने धुवा, सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेला हात त्याच्या तोंडाजवळ नेऊ नका. नंतरही धुवा, ते तुमच्यासाठी, साल्मोनेला नावाच्या जंतूमुळे.

स्टेप ७ : अ जीवनसत्त्व

पापणीच्या आतलं अस्तर आणि त्या ग्रंथींच्या नळ्या नीट राहायला अ जीवनसत्त्व लागतं. कमी पडलं की अस्तर जाड आणि कोरडं होतं, नळ्या तुंबतात, पापण्या सुजतात, आत तो चीजसारखा गोळा. किडे खाणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं कारण किड्यांमध्ये अ जीवनसत्त्व फारसं नसतंच. कॅल्शियम पावडर लावली म्हणजे काम झालं असं वाटतं पण कॅल्शियमच्या डब्यात बहुतेकदा हे नसतं, वेगळी मल्टिव्हिटॅमिन पावडर लागते. डब्यावरच्या घटकांत रेटिनॉल किंवा व्हिटॅमिन ए लिहिलंय का वाचा, नुसतं बीटा-कॅरोटीन असेल तर काही किडेखाऊ सरड्यांना त्याचं अ जीवनसत्त्व नीट करता येत नाही असं समजलं जातं. आणि किड्यांना खायला घालण्याआधी एक दिवस चांगला पाला, गाजर वगैरे द्या.

जास्त झालं तरी विष आहे बरं का. जास्तीच्या डोसाने अंगाची कातडी सोलवटून निघते, विशेषतः इंजेक्शनने. डोळा सुजला म्हणून माणसाची कॅप्सूल फोडून त्याच्या तोंडात पिळायची, हे करू नका. डबा सांगेल तेवढंच, बाकी व्हेट ठरवेल.

स्टेप ८ : कात अडकली तर

इथे पहिल्या स्टेपचा उपयोग.

चष्मेवाला असेल तर हात लावायचा नाही. कात निघताना चष्म्याचा वरचा थर निघतो, कधी तो राहून जातो आणि डोळा धुरकट दिसतो. दमटपणा वाढवा, खरखरीत फांदी किंवा सालीचा तुकडा आत ठेवा म्हणजे तो तोंड घासेल, आणि पुढच्या कातीची वाट बघा, बऱ्याचदा त्यात निघतो. चिमटा, नख, टेप यातलं काहीही नाही, कारण ओढताना जुना थर कुठला आणि खरा चष्मा कुठला हे आपल्याला दिसत नाही, आणि खरा निघाला तर बुबुळ उघडं पडतं, त्याला झाकायला दुसरं काहीच नाही, डोळा जातो. ड्रॉप्स टाकूनही फायदा नाही, चष्म्यातून औषध आत झिरपत नाही, वरून ओघळून जातं.

पापणीवाल्याचं बरोबर उलट. तिथे कातीचा तुकडा पापणीच्या आत राहतो, आणि वाट बघितली की पुढच्या कातीचा दुसरा तुकडा त्याच्यावर बसतो, मग तिसरा. माझ्या टिकलीचं हेच झालं. मला "आपोआप निघेल" सांगितलेलं, मी दोन काती थांबले. मग एका संध्याकाळी मी चिमट्यात मीलवर्म (तिच्या खाण्यातली अळी) धरलेला आणि तिने झडप घातली ती बोटभर बाजूला. मला हसू आलं. परत घातली, परत बाजूला, तिसऱ्यांदा तर तिने माझ्या चिमट्याच्या दांड्यालाच चावा घेतला आणि तेव्हा कुठे माझ्या मनात पाल चुकचुकली (हो, शब्दशः). टॉर्चच्या उजेडात बाजूने बघितलं तर डाव्या पापणीच्या कडेला पांढरट कागदी कडा, एकाखाली एक. व्हेटने काढले तेव्हा कपाच्या आकाराचे तीन थर निघाले आणि खाली बुबुळ पांढरं पडलेलं. त्या डोळ्याने तिला परत दिसलं नाही.

म्हणून पापणीवाल्याची कात निघाली की त्याच दिवशी दोन्ही डोळे बघा. आत तुकडा दिसला तर :

छोट्या हवेशीर डब्यात कोमट पाण्याने ओला करून पिळलेला पेपर टॉवेल अंथरा, सरड्याला १५–२० मिनिटं आत बसवा, झाकण सैल, तुम्ही समोरच. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला गरम लागता कामा नये. मग ०.९% चं साधं स्टराइल सलाइन, त्यात दुसरं काही मिसळलेलं नसावं, काँटॅक्ट लेन्सचं पाणी चालणार नाही. बाटली हातात धरून थोडी कोमट करा, एक-दोन थेंब डोळ्याच्या कोपऱ्यात सोडा आणि त्यालाच मिचकावू द्या. मिचकावून मिचकावून तुकडा कडेला आला तर ओल्या मऊ इअरबडने बुबुळापासून लांब, बाहेरच्या दिशेने हलकेच लोळवा. घासायचं नाही, लोळवायचं. सुटा नसेल तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी एकदा परत. दोनदा करून नाही निघालं तर तिसरा प्रयत्न घरी नको. वाळूचा कण गेला असेल तरी हेच, सलाइनचे थेंब आणि मिचकावणं.

कॅमेलिअनच्या सुळक्यात काही अडकलंय वाटलं तर जास्तीचा वेळ स्प्रे चालवा, एवढंच. त्या भोकात काहीही घालू नका.

स्टेप ९ : व्हेटकडे कधी

एक डोळा पूर्ण दिवस मिटलेला. सूज, चिकटलेल्या पापण्या, बुबुळावर पांढरा किंवा निळसर डाग, चष्म्याच्या मागे फुगा, नेम चुकायला लागणं, तोंड डोळ्याच्या बाजूने सारखं घासणं. कॅमेलिअनने दिवसा डोळे मिटले की मी तासांत मोजते, दिवसांत नाही, तो जागेपणी डोळे मिटतो म्हणजे आत काहीतरी बरंच बिघडलेलं असतं, आणि ते डोळ्यातलंच असेल असंही नाही.

घरातले माणसाचे आय ड्रॉप्स टाकून नेऊ नका. त्यातल्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असेल तर ते तिला आणखी खोल करतं. व्हेट आधी एक रंग टाकून निळ्या उजेडात बघतो, जखम असेल तिथे हिरवं चमकतं, मग औषध ठरतं. चष्मेवाल्याच्या फुग्याला तर बऱ्याचदा चष्म्याला खालच्या बाजूने बारीक चीर देऊन पू काढावा लागतो, हे ऐकून घाबरू नका, त्यांना ते माहीत असतं.

नेताना छोटा डबा, खाली पेपर टॉवेल, वरून कापड टाकून अंधार, आणि ऊब टिकेल असं बघा. सोबत ते महिन्याचे फोटो, दिव्याचा आणि पावडरच्या डब्याचा फोटो, टँकचं तापमान आणि दमटपणा, आणि शेवटची कात कधी निघाली ती तारीख. एवढं दिलं की व्हेटचे निम्मे प्रश्न संपतात.

डोळा गेलाच तर सरडा त्याने अडून राहत नाही, सवय तुम्हालाच बदलावी लागते. टिकलीची वाटी मी आता तिच्या उजव्या बाजूला ठेवते, टँकमधल्या वस्तूंची जागा बदलत नाही, आणि चिमटा डावीकडून कधीच नेत नाही, उजवीकडून, हळू, तिने मान वळवून बघेपर्यंत थांबून. सुरुवातीचे दोन आठवडे ती बावचळायची. आता मीलवर्मचा डबा उघडल्याचा आवाज आला की मान आधीच वळलेली असते.